एकशे बारा फुटांचं गाजर आणि पिस्टन

हे बघा, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो आणि उद्यापासून माझा चहा कायम गार निघो. यापेक्षा मोठी शपथ आमच्या इंग्लंडात, डरहॅमकडे, कुणी घेत नाही. मागे माझ्या भाचीला ही हकीगत सांगितली तर ती म्हणाली, मावशी, तुझं वय झालं. वय झालं म्हणून काय गाजर लहान होतं का?

मी हिल्डा रटर. आमचं कोल्डरिग म्हणजे कोळशाच्या खाणीचं गाव. खाण बंद पडून आता चाळीस वर्षं झाली, पण खाली सगळं पोखरलेलं आहे. आमच्या पायाखाली जमीन कमी आणि भोकं जास्त. गावाच्या वरच्या टोकाला बारा बैठी घरं आहेत. ज्यांनी खाली खाणीत काम केलं त्यांना म्हातारपणी राहायला म्हणून ती बांधली. खाली एक शिफ्ट केली असेल तरी माणसाचा हक्क लागतो, असा घरं बांधली तेव्हापासूनचा नियम आहे. माझा वॉल्टर खाणीतल्या यंत्रांना तेल घालायचा, म्हणून मी त्याची विधवा सात नंबरात.

बारा घरांच्या मध्ये एक मोठं अंगण. ते मागे एकदा जरा खचलं, तेव्हा सरकारी माणसांनी येऊन अख्ख्या अंगणाला फरशी घातली आणि सांगून गेले, इथे कुदळ लावायची नाही. झालं. ज्यांनी जन्मभर जमीन खणली त्यांना म्हातारपणी खणायला वीतभर माती नाही. मग सगळे कुंड्यांवर तुटून पडले. बादल्या, जुने बाथटब, फुटक्या चहाच्या किटल्या, एकाने तर आपल्या खाणीतल्या बुटांत कांद्याची पात लावली होती. आमच्याकडे माणसाची ओळख त्याच्या कुंडीवरून होते. चार नंबरातली आयडा नव्वदीची, चाकाच्या खुर्चीतून हिंडते, पण तिच्या बेगोनियाच्या फुलांकडे बोट दाखवलंत तर खुर्ची तुमच्या पायावरून जाईल.

आणि पिस्टन. तो माझा कुत्रा. टेरियर, वजन सहा किलो, त्यातला साडेपाच किलो नुसता उत्साह. वॉल्टर गेल्यावर मी त्याला आणला आणि वॉल्टर जन्मभर ज्याला तेल घालत होता त्याचंच नाव त्याला दिलं, कारण तोही तसाच, वर-खाली, वर-खाली, थांबणं माहीत नाही. सकाळी सहाला उठून अंगणाला चाळीस चकरा. पोस्टमन दिसला की एकेचाळीस. सकाळच्या पहिल्या चहाआधी मला माझी एक चप्पल बादलीत आणि दुसरी शेजाऱ्याच्या मटारांच्या कुंडीत सापडायची. उकरणं हा त्याचा धंदा. आयडाचे तीन बेगोनिया त्याने एका दुपारी मोकळे केले. ती मला म्हणाली, "हिल्डा, तुझ्या या बाळाचं मी एक दिवस सूप करेन." पण दुसऱ्या दिवशी मीच तिला त्याला बिस्किट देताना पकडलं.

सगळेच आयडासारखे नव्हते. एक नंबरात स्टॅन्ली प्राउडफूट राहायचा. खाणीत मुकादम होता, अजूनही मुकादमासारखाच चालायचा, आपल्या पाठीमागे पन्नास माणसं येताहेत असा. वसाहतीचा सेक्रेटरीही तोच. आता आमच्याकडे एक रीत आहे, ती तुम्हाला कळली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी अंगणात लांब गाजरांची स्पर्धा होते. ज्याचं गाजर सगळ्यात लांब, त्याला वसाहतीकडे एक मागणं मागायचा हक्क. एकच, पण त्याला नाही म्हणायचं नाही. पूर्वी लोक साधं मागायचे. एकाने बाक उन्हात सरकवून घेतला. एकाने पियानो दुरुस्त करून घेतला. मग प्राउडफूट जिंकायला लागला, तो सात वर्षं जिंकतच राहिला, आणि दर वर्षी त्याने काहीतरी बंद करून घेतलं. पहिल्या वर्षी वाऱ्यावर वाजणाऱ्या घंट्या बंद. दुसऱ्या वर्षी पाखरांना ब्रेड टाकणं बंद. मग संध्याकाळचं गाणं-बजावणं बंद. माणूस जिंकून जिंकून इतका कंजूष झालेला मी दुसरा पाहिला नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीतच त्याने सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं की यंदा कुत्री बंद. कुत्री म्हणजे किती, तर एक. माझा पिस्टन. तो गेला तर कुठे जाणार, कार्लाइलला माझ्या भाचीकडे. तिच्या घरात दुधाच्या सायीच्या रंगाचा गालिचा आहे आणि तीन मांजरी. पिस्टन तिथे आठवडाभर टिकला नसता. आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्याविना आठवडाभर टिकले नसते. सकाळी सहाला उठायला माणसाला काहीतरी कारण लागतं.

पण मी काही गाजरवाली नव्हे. मी लावायचे बटाटे, बादलीत, आणि दाराशी थोडी नॅस्टर्शियमची फुलं. स्पर्धेत उतरायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. मी उतरले ती एका थापेमुळे.

झालं असं. मार्चमधली एक सकाळ, पिस्टन बराच वेळ दिसेना. अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात गेले तर एक फरशी बाजूला, तिच्या जागी भोक, आणि भोकातून मातीचे फवारे. खाली उतारावर नॉर्मनचा पब आहे, त्याच्या तळघरात सॉसेजेस टांगलेले असतात. त्यांचा वास पिस्टनला एवढ्या लांबून, एवढ्या मातीतून आला होता. शेपटीला धरून त्याला बाहेर ओढला. भोकात काठी घातली तर काठी पुरेना. सरकारने ज्या अंगणात कुदळ लावू नका म्हटलं तिथे माझ्या कुत्र्याने खाणीची वाट काढून ठेवलेली. आणि प्राउडफूटच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला.

कोपऱ्यात वॉल्टरचं तेलाचं जुनं पिंप पडलं होतं, माझ्या छातीएवढं उंच. बुड गंजून त्याची चाळण झालेली. मी ते ढकललं आणि नेमकं भोकावर उभं केलं. पिस्टनला पिंपात टाकला. प्राउडफूट आला आणि म्हणाला, "रटरबाई, हे पिंप इथे कशाला?" आता काय सांगणार? म्हटलं, गाजरासाठी. यंदा मी पण लावतेय.

तो इतका हसला की त्याला खोकला लागला. म्हणाला, लावा लावा, सूपमध्ये घालायला उपयोगी पडेल. पिंपातून पिस्टन शिंकला. मी म्हटलं, मला सर्दी झालीय.

थाप मारली की ती निभवावी लागते, एवढं मला वयाच्या सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. मग मी रीतसर लावलं, आमच्याकडे लावतात तसंच. पिंपात काठोकाठ वाळू भरायची. वाळूत मधोमध पहार खुपसून ती गोल गोल फिरवायची, म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळतं असं भोक पडतं. त्यात चाळलेलं खत आणि माती, पिठासारखी मऊ, आणि वर तीन बिया. उगवल्या की दांडगं रोप ठेवायचं, बाकीची दोन उपटायची. गाजर त्या मऊ वाटेने सरळ खाली जातं. फक्त माझ्या बाबतीत पहार पिंपाच्या बुडातून आरपार गेली आणि फरशीच्या खाली कुठेतरी हवेत हलली. मी काही बोलले नाही. कुणी विचारलं नाही.

प्राउडफूटचं तंत्र वेगळं. तो भिंतीला तिरपा प्लॅस्टिकचा पाइप बांधायचा, बारा फूट लांब, आणि त्याला दोन कुलपं लावायचा. खत काय घालतो ते त्याने बायकोलाही ती मरेपर्यंत सांगितलं नव्हतं.

उन्हाळा चढला तसा माझ्या पिंपावरचा पाला वाढला. आधी माझ्या गुडघ्याएवढा, मग कंबरेएवढा, जुलैत त्याच्या सावलीत आयडा खुर्ची लावून विणायला बसायला लागली. दिवसाला सहा झाऱ्या पाणी घालायचे, पिंपाच्या खालून एक थेंब बाहेर यायचा नाही. पाणी जातंय कुठे? पिस्टन पिंपाला कान लावून बसायचा, एकदम शांत. हा कुत्रा शांत बसलेला मी फक्त त्या पिंपापाशी पाहिला. आत काहीतरी चाललेलं त्याला ऐकू येत असावं. मलाही एकदा ऐकू आलं. करकर, करकर, जुन्या माणसाच्या गुडघ्यासारखं.

तो सोमवार आला. अख्खं गाव अंगणात. परीक्षक होत्या मिस थर्लवेल, हेक्सॅमहून दर वर्षी येतात, उंच, सुकलेल्या, गळ्यात भिंग आणि हातात टेप. नियम असा की गाजर परीक्षकांच्या समोर बाहेर काढायचं आणि शेवटचा धाग्याएवढा टोकाचा केस शाबूत पाहिजे. तुटलं की तुटलं तिथपर्यंतच माप.

प्राउडफूटने कुलपं उघडली, पाइप करवतीने चिरला, रबरी नळीच्या बारीक धारेने वाळू धुतली, आणि गाजर बाहेर आलं. अकरा फूट चार इंच. टाळ्या पडल्या, टाळ्या पडणारच, गाजर सुंदर होतं, मी नाही म्हणत नाही. त्याने टाय सरळ केला आणि माझ्याकडे न बघता पिस्टनकडे बघितलं.

मग माझं पिंप. चार जणांनी वाळू उपसली, पाण्याने धुतली. गाजर दिसायला लागलं. डोकं माझ्या डोक्याएवढं. चार फूट मोकळं झालं, तरी ते संपेना. पिंप कापून बाजूला केलं तर गाजर सरळ फरशीखाली गेलेलं. सगळे वाकून बघायला लागले. भोकाच्या तोंडाची माती हाताने काढली, अजून पाच फूट वर आलं आणि अडकलं. नऊ फूट. मिस थर्लवेलनी हळूच ओढून पाहिलं. हलेना. त्या म्हणाल्या, जोर लावला तर तुटेल, आणि तुटलं तर नऊ फूटच धरावं लागेल.

नऊ म्हणजे हरले. नऊ म्हणजे कार्लाइल.

तेवढ्यात प्राउडफूटने बोट उचललं. हे भांड्याच्या बाहेर गेलंय, म्हणाला, कुंडीतल्या गाजरांची स्पर्धा आहे, हे बाद. मिस थर्लवेलनी पिशवीतून नियमांचा कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला. "पेरणी भांड्यात झालेली असावी. भांड्याच्या बाहेर आलेलं मूळही मापात धरावं." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मिस्टर प्राउडफूट, हे कलम दोन वर्षांपूर्वी तुमच्याच आग्रहावरून घातलंय. तुमचं गाजर पाइपच्या टोकातून चार इंच बाहेर आलं होतं तेव्हा. खाली सही तुमचीच आहे."

आयडाने खुर्चीची घंटी दोनदा वाजवली.

आता मला एकच रस्ता होता आणि तो माझ्या पायाशी थरथरत होता. पण विचार करा. हा तोच कुत्रा, ज्याने बेगोनिया सोडले नाहीत, चपला सोडल्या नाहीत, पाहुण्याचं कानाचं यंत्रसुद्धा एकदा गिळलं होतं आणि दोन दिवस पोटातून शिट्टी वाजत होती. त्याला त्या भोकात सोडायचं म्हणजे धाग्याएवढ्या टोकापाशी वादळ सोडणं. मी खाली बसले, गुडघे करकरले. त्याच्या कानात म्हटलं, "हे बघ बाळा, आज उकर. पण खाऊ नकोस." आणि पट्टा सोडला.

तो बाणासारखा आत. आधी माती उडाली, मग माती उडायची थांबली, मग आवाजही थांबला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मिस थर्लवेलनी घड्याळ पाहिलं. अंगणातले सगळे म्हातारे भोकाभोवती उभे होते, टोप्या हातात घेऊन, आणि मला एकदम आठवलं की हे असे उभे पूर्वी कधी राहायचे. खाणीच्या तोंडाशी. खाली कुणी अडकलं की. प्राउडफूटसुद्धा भोकाकडेच बघत होता. त्याचे ओठ हलत होते. तो मिनिटं मोजत होता.

मग उतारावरून नॉर्मन धावत येताना दिसला. पबवाला माणूस, दीडशे किलोचा, त्याला धावताना कुणी पाहिलं नव्हतं. तो धापा टाकत म्हणाला, "हिल्डा, माझ्या तळघराच्या भिंतीत एक खिळा होता. गेले दोन आठवडे मी त्याच्यावर टोपी टांगतोय. तो खिळा आत्ता भिंतीतून आत गेला. टोपी खाली पडली. आणि त्याच्या जागेतून तुझा कुत्रा बाहेर आला."

मिस थर्लवेल म्हणाल्या, ओढा.

आम्ही ओढलं. ओढलं म्हणजे काय, झोपलेलं लेकरू पाळण्यातून उचलावं तसं. आणि गाजर यायला लागलं. येतच राहिलं. पिस्टनने दोन्ही बाजूंची माती अशी मोकळी केली होती की ते लोण्यातून सुरी यावी तसं सरकत होतं. पहिल्याने दुसऱ्याच्या हातात दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. अंगणाची एक बाजू भरली. रांग वळली. दुसरी बाजू भरली. काठीवाले काठ्या टाकून उभे राहिले, आयडाच्या मांडीवरून सहा फूट गेलं, चर्चच्या पाळकबाबांनी खांद्यावर घेतलं. शेवटी माणसं संपली आणि गाजर उरलं. चाळीस माणसांच्या रांगेत एकच जागा रिकामी होती. प्राउडफूट तिथे जाऊन उभा राहिला, हात पुढे केले आणि त्याचा भाग धरला. मुकादम होता ना. खालून काही वर येत असेल तर त्याला बाजूला उभं राहणं जमेना.

टोक आलं. केसाएवढं बारीक, शाबूत, त्याला नॉर्मनच्या टोपीची लोकर चिकटलेली; त्याचा खिळा तो हाच. मिस थर्लवेलनी भिंग लावून पाहिलं, मग टेप लावला. टेप चार वेळा संपला. एकशे बारा फूट सात इंच. त्यांनी आकडा वहीत लिहिला, खोडला, पुन्हा तोच लिहिला.

तेव्हा पिस्टन रस्त्याने वर आला. पांढरा कुत्रा होता, आता काळाकुट्ट. कोळशाच्या जुन्या थरातून गेला होता ना. डोळे तेवढे पांढरे, जीभ लाल, पंजे खरचटलेले, आणि चालत होता जरा वाकून, दमून, माझा वॉल्टर शिफ्ट संपवून यायचा अगदी तसाच. अंगणात कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. एक जण म्हणाला, "शाब्बास गड्या." बस्स, एवढंच. आमच्याकडे खाणीतून वर आलेल्या माणसाला एवढंच म्हणतात.

मिस थर्लवेलनी मला विचारलं, तुमचं मागणं काय. सगळ्यांना वाटलं मी म्हणणार कुत्रा राहू द्या. पण मी काही काल जन्मलेले नाही. यंदा राहू द्या म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी कुणीतरी जिंकून पुन्हा बंद म्हटलं असतं. मी म्हटलं, ही घरं खाली शिफ्ट केलेल्यांसाठी आहेत. एक शिफ्ट केली तरी हक्क लागतो. माझ्या पिस्टनने आज खाली शिफ्ट केली, अख्ख्या गावाच्या देखत. त्याचं नाव रहिवाशांच्या पाटीवर घाला. पाळीव म्हणून नाही, कामगार म्हणून.

कुणीतरी काठी फरशीवर आपटली, मग दुसऱ्याने, मग सगळ्या काठ्या. असा आवाज कोल्डरिगमध्ये खाण चालू होती तेव्हा यायचा.

पाटीवर नावं लिहायचं काम सेक्रेटरीचं. प्राउडफूट ब्रश आणि पांढरा रंग घेऊन आला. सात नंबरासमोर माझ्या नावाखाली त्याने ब्रश टेकवला आणि थांबला. मला वाटलं आता काहीतरी खुसपट काढणार. तो म्हणाला, "खाली किती वेळ होता तो?"

मी म्हटलं, मी नाही मोजलं.

"सव्वीस मिनिटं," तो म्हणाला. "दिवा नाही, टोपी नाही. मी असतो तर त्याला एकट्याला उतरू दिलं नसतं." आणि त्याने लिहिलं, पी. रटर. त्याचं अक्षर चांगलं आहे, ते मी मान्य करते. मग खिशातून रुमाल काढून, कुणी बघत नाही असं बघून, त्याने पिस्टनचे डोळे पुसले. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारावर थाप. बघते तर प्राउडफूट, रिकामं पिंप घेऊन. म्हणाला, रटरबाई, हे कुठे ठेवावं ते जरा पिस्टनला विचारून बघायचं होतं. तेव्हापासून अंगणात पिंप ठेवायचं ते पिस्टन जिथे उकरेल तिथेच. वर्षभरात बारा घरांपुढे बारा भोकं. नॉर्मनने तळघरातल्या टोप्या टांगायला खरे खिळे आणले.

त्या सोमवारी संध्याकाळी मी सगळ्यांना माझ्या हातचा गाजराचा केक खाऊ घातला. एकशे बारा फुटांपैकी पहिला दीड फूट किसून. प्राउडफूटने तीन तुकडे खाल्ले, आयडाने मला कृती लिहून मागितली, आणि पाळकबाबा म्हणाले की असा केक त्यांनी डरहॅम शहरातही खाल्ला नव्हता.

बरं, आता शपथ घेतलीय तर सांगून टाकते. गाजर खरं, खिळा खरा, सव्वीस मिनिटं खरी. केक मात्र दुकानातला होता. वेष्टन मी जाळून टाकलं.